दारव्ह्याच्या प्रयोगशाळेतली तांबडी रेघ

हमीदभाई,

तुमच्या दारात पोचले तेव्हा माणसं कब्रस्तानातून परतत होती. सकाळी रुबिनाचा फोन आला, "मॅडम, अब्बू गेले." मी नेरहून मिळेल त्या बसनं निघाले, पण उशीरच झाला. आत बायकांची गर्दी होती. कोपऱ्यात उभी राहिले. कोणीतरी विचारलं, "कालेजातल्या काय?" मी मान हलवली. पाणी दिलं, बसायला सतरंजीवर जागा करून दिली, आणि मग सगळ्या आपापल्या रडण्यात, आठवणीत गेल्या. तुमच्याबद्दल त्या जे बोलत होत्या त्यातलं मला बरंचसं ठाऊक नव्हतं. तुम्ही पंपाच्या जळालेल्या मोटारींची तार फुकट भरून द्यायचे, भाचीच्या लग्नात तुम्ही एकट्यानं मांडवाची लाइट ओढली, वगैरे. आणि मला जे ठाऊक होतं ते त्या घरात कोणाला सांगावं, हे मला कळेना.

आज अकरावा दिवस. घरी मी एकटीच असते, हे तुम्हाला माहीत आहे. बोलायला कोणी नसतं असं नाही. शेजारच्या येतात, पुण्याहून मुलाचा फोन येतो. पण जे बोलायचं आहे ते आपल्या दोघांपलीकडे कोणी पाहिलेलंच नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

मी दारव्ह्याच्या कॉलेजात नोकरीला लागले तो पहिलाच आठवडा होता. अमरावतीहून एम.एस्सी. करून आलेली, पुस्तकं पाठ, हातानं काम कमी. सोडियमच्या दिव्याचं प्रॅक्टिकल लावलं होतं आणि मला स्पेक्ट्रोमीटरमधून त्या पिवळ्या रेघेतल्या दोन रेघा काही केल्या वेगळ्या होईनात. पोरं वाट पाहत उभी. तुम्ही टेबल पुसायचं फडकं खांद्यावर टाकून आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, फट जरा बारीक करा. मंग फुटते ते." मी स्क्रू फिरवला. रेघ फुटली. दोन पिवळ्या केसांसारख्या रेघा, शेजारी शेजारी.

पोरं गेल्यावर तुम्ही थांबले. "फुटते ते मले माईत हाय," तुम्ही म्हणाले. "पंधरा वर्सांपासून पाहून राह्यलो. पन काहून फुटते?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. फाइन स्ट्रक्चर, सूक्ष्म रचना.

"ते नाव झालं, मॅडम. कारन नाई झालं."

मला राग आला होता, खरं सांगते. दहावी नापास परिचर मला शिकवतो, असं वाटलं. घरी येऊन मी पुस्तक उघडलं आणि लक्षात आलं की कारण मलाही नीट सांगता येत नाही. पाच वर्षं मी ते समीकरण सोडवत होते, पण ते कशाबद्दल आहे हे मला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं. अणूत इलेक्ट्रॉन इतका वेगात असतो की आपलं नेहमीचं गणित त्याला थोडंसं अपुरं पडतं. हायड्रोजनमध्ये त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या साधारण एकशे सदतीसावा हिस्सा. तेवढ्या वेगाला सापेक्षतावाद लावावा लागतो. आम्ही पोरांना तो शिकवताना रॉकेट आणि तारे सांगतो, पण तो इथं दिव्यातसुद्धा असतो. इलेक्ट्रॉनचं वजन जरा वेगळं लागतं, त्याच्या भोवऱ्यासारख्या फिरण्याचा परिणाम होतो, आणि ऊर्जेची जी पायरी एक असायला हवी तिच्या दोन होतात. पायऱ्या दोन, म्हणून रेघाही दोन.

तुम्ही सोडियमच्या दिव्यावरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, "मंग हे सगळ्यात साध्या अणूत दिसाले पायजे. साध्यात नाई दिसलं तं मानाचं कसं?"

मी म्हटलं, दिसतं, पण सोडियमपेक्षा चाळीसेक पट बारीक. हायड्रोजनची तांबडी रेघ आपल्या साधनानं नाही फुटणार.

"आपल्या साधनानं नाई फुटत," तुम्ही म्हणाले. "म्हंजे दुसरं साधन असंन."

ते दुसरं साधन आपल्याच कपाटात होतं, हे तुम्हीच मला दाखवलं. लाकडी पेटीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दोन सपाट काचा, आतून अर्धवट चांदी दिलेल्या, एकमेकींसमोर पाच मिलिमीटरवर. प्रकाश त्यांच्या मधे जाऊन येऊन पलीकडे वर्तुळं दाखवतो, आणि रंगात किंचित फरक असला तरी वर्तुळं वेगळी पडतात. काचांना बुरशी, स्क्रू गंजलेले. ते कधी, कोणी मागवलं होतं ते रजिस्टरमध्येही नव्हतं. काचा अमरावतीला पाठवून पुन्हा चांदी देऊन आणल्या. स्क्रू तुम्ही तुमच्या चुलतभावाच्या लेथवर पाडले, तीनदा, कारण पहिले दोन तुम्हाला पटले नाहीत. मला पहिलेच चांगले वाटले होते.

यात वर्षं गेली. प्रॅक्टिकलं, परीक्षा, इलेक्शनच्या ड्यूट्या यांतून उरलेल्या दुपारी आपण काम करायचो. हायड्रोजनच्या नळीचा तांबडा उजेड पहिल्यांदा त्या काचांतून पाहिला तेव्हा वर्तुळं आली, पण जाड, पुसट, ओल्या बोटानं फासल्यासारखी. मी म्हटलं, वायू गरम आहे. अणू इकडून तिकडे पळतात. स्टँडवर शिरणाऱ्या एसटीचा हॉर्न वेगळा ऐकू येतो आणि जाणाऱ्या एसटीचा वेगळा, तसं त्यांच्या रंगाचं होतं. सगळ्यांचे रंग मिसळून रेघ जाड होते. अणू थंड करावे लागतील, आणि ते काही बर्फानं होणार नाही. द्रवरूप नायट्रोजन लागतो. नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत असेल, इथं कुठला?

तुम्ही हसले. "जनावरांच्या दवाखान्यात असते ना, मॅडम. गाईम्हशी भरवाच्या कांड्या त्याच्यातच तं ठिवतेत."

कृत्रिम रेतनाच्या कांड्या नायट्रोजनमध्ये ठेवतात, हे एम.एस्सी. झालेल्या मला सुचलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पंप तुम्ही कधीतरी दुरुस्त केला होता. डॉक्टरांनी विचारलं, कशाला पाहिजे? तुम्ही सांगितलं, "अनूले थंडी वाजवाची हाय." ते इतके हसले की त्यांनी स्वतः भांडं भरून दिलं. ते भांडं मांडीत धरून तुम्ही लूनाच्या मागच्या सीटवर बसून आले, गाडी चुलतभावानं हळूहळू चालवली, आणि झाकणातून पांढरी वाफ निघत होती म्हणून रस्त्यातल्या लोकांनी वाट दिली.

नळीच्या बारीक भागाला तुम्ही तांब्याची पट्टी गुंडाळली होती, उजेडापुरती फट सोडून. पट्टीचं शेपूट खाली थर्मोकोलच्या डब्यात, नायट्रोजनमध्ये. खिडक्यांना काळं कापड. आधी मी पाहिलं. वर्तुळं थोडी बारीक झाली होती, बस्स. मग तुम्ही डोळा लावला.

तुम्ही इतका वेळ पाहत राहिले की मी घड्याळ बघितलं. मग डोळा न काढता म्हणाले, "मॅडम, दोन हायत."

"नीट पाहा."

"नीटच पाहून राह्यलो. मोठ्या वर्तुळाच्या आतून एक बारीक हाय. दोन वर्तुळांच्या मधात, तिसऱ्या हिश्श्यावर."

गणितानुसार ते तिसऱ्या हिश्श्यावरच यायला हवं होतं. तो आकडा मी तुम्हाला आधी सांगितला होता. मी तुम्हाला बाजूला करून डोळा लावला, आणि तेवढ्यात टक् असा आवाज झाला. थंडीनं नळी तडकली. अंधार.

वहीत मी लिहिलं, "विभाजन निश्चित नाही."

तुम्ही ते वाचलं. "मी खोटं सांगून राह्यलो काय?"

आणि मी ते वाक्य बोलले. माझ्या तोंडातून ते किती सहज आलं ते मला अजून ऐकू येतं. "तुम्हाला दोन पाहायचे होते, हमीदभाई. म्हणून दिसले."

तुम्ही काचांचे तुकडे वेचले, डब्यातला नायट्रोजन उडून जाईपर्यंत दार लावून बाहेर बसले, आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेले.

मी चूक नव्हते, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होते. एका माणसानं एकदा पाहिलं, त्याला उत्तर आधीच माहीत होतं, याला पुरावा म्हणत नाहीत. हे खरंच आहे. पण मी ते ज्या आवाजात बोलले तो पुराव्याचा आवाज नव्हता. मला भीती वाटत होती. यवतमाळला शिक्षकांच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं असतं की दारव्ह्यात आम्ही हायड्रोजनची रेघ फोडली, तर कोणी विचारलं असतं, पाहिलं कोणी? आणि मला म्हणावं लागलं असतं, आमच्या परिचरानं. मला त्या शब्दाची लाज वाटली होती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

नंतर दीड वर्ष तुम्ही माझ्याशी "हो मॅडम" आणि "नाई मॅडम" एवढंच बोलले. काम सगळं चोख. दिवे लागलेले, फटी स्वच्छ, नोंदी वेळेवर. पण कोणी "काहून" विचारत नव्हतं. मी वर्गात शिकवून परत यायची तेव्हा ती खोली मला मोठी वाटायची.

नवी नळी आली तेव्हा ईद जवळ होती. ईदच्या दिवशी मी तुमच्या घरी आले. भाभींनी शीरखुर्मा दिला, तुम्ही समोर बसले, आणि मी माफी मागायची म्हणून आलेली, तिथं बसून फक्त म्हटलं, "नळी आली आहे."

तुम्ही वाटीकडे पाहत होते. "या बारीले मी नाई पाहनार," तुम्ही म्हणाले. "तुमीच पाहा. मी डबा धरतो."

मला वाटलं, राग अजून आहे. मी म्हटलं, बरं.

ती युक्ती तुमची होती. मी तर म्हणेन, माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलेली सगळ्यात स्वच्छ युक्ती. मी डोळा लावून बसायचं. आपल्या दोघांच्या मधे काळा पडदा. पडद्यामागे तुम्ही डबा कधी वर उचलून शेपूट बुडवायचं, कधी खाली घेऊन मोकळं ठेवायचं, तुमच्या मनानं, मला न सांगता. पंधरा मिनिटं थांबायचं. मग मी म्हणायचं, एक किंवा दोन, आणि आपापल्या कागदावर लिहायचं. "म्हंजे कोनाले काय पाहाचं होतं, हा सवालच नाई," तुम्ही म्हणाले. माझं वाक्य तुम्ही मला अशा रीतीनं परत दिलं, एकही कडू शब्द न बोलता.

पहिल्यांदा मी म्हटलं, एक. दुसऱ्यांदा काही मिनिटांनी वर्तुळाची आतली कड हलल्यासारखी झाली, मग तिथं एक काळी रेष आली, आणि मग ते दिसलं. आतलं बारीक वर्तुळ, तांबडं, शांत, तिसऱ्या हिश्श्यावर. हमीदभाई, मी पाठीचा मणका ताठ करून बसले होते आणि मला श्वास घ्यायची भीती वाटत होती. मी म्हटलं, "दोन." पडद्यामागून कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

सात वेळा केलं. सहा जुळले. सातव्याला मी म्हटलं दोन, आणि तुमच्या कागदावर होतं, डबा खाली. तुम्ही म्हणाले, तांबं अजून गार होतं, पंधरा मिनिटं कमी पडली, ते सातवं धरू नका. मी म्हटलं, जे झालं ते लिहायचं, कारण नंतर. यावरून आपण जे भांडायला लागलो ते तुम्ही रिटायर झाल्यावरही संपलं नाही. तुमचा फोन यायचा, तब्येत, पाणी, तुरीचा भाव, आणि मग, "सातव्याचं काय ठरवलं मॅडम?" गेल्या महिन्यातही तुम्ही विचारलं होतं. मी म्हटलं, ते तसंच राहणार. तुम्ही म्हणाले, "राहू द्या. पन तांबं गार होतं." तुमचा आवाज खोल गेला होता आणि मी तो ऐकून घेतला नाही.

त्या दिवशी सगळं झाल्यावर मी तुम्हाला म्हटलं होतं, आता तुम्ही बसा, बघा. तुम्ही डब्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, नायट्रोजन संपला, पुढच्या खेपेला. पुढची खेप झाली नाही. दवाखान्यातले डॉक्टर बदलून गेले, मग तुमची रिटायरमेंट आली, मग प्रॅक्टिकलं कॉम्प्युटरच्या पडद्यावर सुरू झाली. वर्तुळांची मापं मी घेतली होती. अंतर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जरासं कमी आलं, पण त्याच्याजवळच. कॉलेजच्या वार्षिक अंकात मी चार पानं लिहिली. शेवटी "साहाय्य : शेख हमीद" असं छापलं. तुम्ही ते वाचून म्हणाले, "सहाय्य म्हंजे मदतच ना? बराबर हाय." बरोबर नव्हतं. प्रश्न तुमचा होता, थंडी तुमची, पडदा तुमचा. साहाय्य मी केलं होतं.

काल मी पुन्हा दारव्ह्याला गेले होते. भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. रुबिना उमरखेडला परतली, तिची शाळा आहे. घरात भाभी आणि मी. मी त्यांना तो प्रयोग सांगायला लागले. मला वाटलं, त्यांना कळो न कळो, तुम्ही काय होते हे या घरात एकदा मोठ्यानं बोललं जावं. मी पडद्याचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, आणि म्हटलं, "त्यांनी स्वतः पाहिलं नाही त्या दिवशी. रागावलेले होते माझ्यावर."

भाभी माझ्याकडे पाहत राहिल्या. "रागावले नोते, मॅडम," त्या म्हणाल्या. "त्याईले दिसतच नोतं."

मला कळलं नाही.

"शुगरनं डोळे गेलते ना त्याईचे. उजवा तं पार. डाव्यानं भिंत, दार, मानूस, इतकंच दिसे. यवतमाळले दाखवाले जात, तुमाले सांगत की बहिनीकडं चाललो. मी म्हनलं मॅडमले सांगा, तं म्हने, नाई. मॅडमले समजलं तं त्या म्हनतीन, याचे डोळे तवापासूनच खराब असतीन. मंग पह्यल्या दिवशी मी पाह्यलं तेबी खोटं होऊन जाईन."

चहा निवत होता.

माझ्या एका वाक्यापायी तुम्ही इतकी वर्षं तुमचे डोळे माझ्यापासून लपवले. तुमच्या कागदावरची अक्षरं मोठी आणि वाकडी होती, मी त्यावरून तुमची थट्टा केली होती. आणि आणखी एक गोष्ट मला तिथं बसल्या बसल्या समजली. मी आजवर मनात म्हणत आले की आपण दोघांनी ते पाहिलं. तसं झालंच नाही. तुम्ही एका दिवशी एकट्यानं पाहिलं आणि मी मानलं नाही. मी वेगळ्या दिवशी एकटीनं पाहिलं, आणि तुम्ही पडद्यामागे डबा धरून, न पाहता, मानलं. पहिल्या दिवशी तुम्ही पाहिलं ते खरं होतं, हे मी तुम्हाला कधी म्हटलंच नाही.

मी भाभींना म्हटलं, इद्दत संपली की चला माझ्याबरोबर. यंत्र कॉलेजात अजून आहे. मी मांडते, तुम्ही बघा.

"मले काय समजते त्यातलं?"

"समजायचं नाही भाभी, नुसतं पाहायचं."

त्यांनी ओढणीनं तोंड पुसलं. "ते नाईत, आता कायले पाहू?"

मी कप आत नेऊन ठेवला आणि निघाले.

बस गेली होती, म्हणून जीपमध्ये बसले. शेजारी एक म्हातारी बाई होती, बाजार करून निघालेली, पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली. माझ्या तोंडाकडं पाहून तिनं विचारलं, "कोनी गेलं काय, बाई?"

मी म्हटलं, हो.

"कोन लागे तुमचे?"

नातं नव्हतं. मित्र म्हणावं तर मी तुम्हाला कधी तसं वागवलं नव्हतं. सोबत काम करायचे म्हटलं तर फारच थोडं झालं असतं. शेवटी म्हटलं, "साक्षीदार होते माझे."

"म्हंजे केस चालू होती?"

"हो. खूप वर्षं."

तिनं समजल्यासारखी मान हलवली. जीप लाडखेडच्या फाट्यावर थांबली, दोघं उतरले, एक चढला, आम्ही सरकून बसलो. मग तिनं पुन्हा विचारलं, "मंग लागला का निकाल?"

"लागला," मी म्हटलं. "त्यांच्या बाजूनं लागला. पण त्यांना सांगायचं राहून गेलं."